बिनदेवाचा साक्षीदार

मामाच्या नास्तिकपणाचा घराला कधी उपयोग होईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. तो एक दुर्गुणच मानला जायचा, पण दारू किंवा जुगाराच्या मानाने बिनखर्चाचा, त्यामुळे खपवून घेतलेला. घरात प्रार्थना असली की मामाला बाहेर उभं करत. येणाऱ्यांच्या गाड्या नीट लावून घ्यायच्या, हे त्याचं खातं. ते तो मन लावून सांभाळायचा, कारण धंदाही तोच होता: गाडी शिकवायची शाळा. एक गाडी, एक मास्तर आणि दारावर पाटी, एवढाच शाळेचा पसारा. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मामाच्या. शिकणारा गडबडला की मामा आपला ब्रेक दाबायचा आणि म्हणायचा, "हं. आता परत." ओरडायचा नाही. ओरडलं की माणूस घाबरून भलतंच काहीतरी दाबतो, असं त्याचं शास्त्र होतं. मामाची कशावर श्रद्धा असलीच तर ती या शास्त्रावर.

ताईचा मुलगा, म्हणजे मामाचा एकुलता एक भाचा, त्याच्याचकडे गाडी शिकला. परवाना मिळाल्यावर तो दाजींच्या पडद्यांच्या दुकानाची गाडी चालवू लागला. ऑफिसांच्या, दवाखान्यांच्या खिडक्या मोजायच्या, कापड शिवून घ्यायचं, दांड्या ठोकायच्या, असं ते काम. त्या सकाळी एका ऑफिसचे पडदे लावायचे होते. जड दांड्या उचलायला माणूस कमी होता, म्हणून मामालाही बोलावलं. भाचा गाडी चालवत होता, मामा शेजारी होता आणि दाजी मागे कापडाच्या गुंडाळ्यांवर आडवे, म्हणजे त्यांना दिसत होतं ते गाडीचं छत. शाळेत झाडलोट करणारी एक बाई रस्ता ओलांडत होती. गाडी तिच्यावर गेली. ती दवाखान्यात काही दिवस होती, मग नव्हती.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मामाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांनी "साक्षीदारास काही आठवत नाही" असं लिहून घेतलं आणि त्याला पाणी दिलं. खटला उभा राहिला. भाचा जामिनावर सुटला आणि घरात बसला.

ताईनं केलेल्या वकिलाचं म्हणणं साधं होतं. वाटेत ट्रक उभा होता. बाई ट्रकच्या आडून एकदम धावत आली. देवानंसुद्धा ब्रेक दाबला असता तरी गाडी थांबली नसती. हे सांगायला गाडीतला एक माणूस हवा. त्यानं आधी दाजींना विचारलं. दाजी हो म्हणाले, आणि घरी येऊन त्यांना जेवण जाईना.

"पुस्तकावर हात ठेवायचा," ते ताईला म्हणाले, "आणि बघितलं नाही ते बघितलं म्हणायचं. उद्या पोराचंच काही वाईट झालं म्हणजे?"

ताई विचारात पडली. मग तिला भाऊ आठवला.

त्या संध्याकाळी मामाला आणि मामीला जेवायला बोलावलं. मामाला आग्रह करकरून वाढलं. एवढा आग्रह त्याला त्याच्या लग्नातही झाला नव्हता, तेव्हा काहीतरी बेत शिजतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"तुझं बरं आहे," दाजींनी सुरुवात केली. "तुला कोण बघतंय?"

"सरकारी वकील बघतो, दाजी."

"तसं नाही रे. वरून."

"वरून न्यायाधीश बघतात. त्यांची खुर्ची उंच असते."

"ए, थट्टा पुरे," ताई म्हणाली. "माझ्या लेकराचा प्रश्न आहे. ती बाई एकदम समोर आली, एवढंच तर सांगायचंय."

"एकदम नव्हती आली, ताई."

"तुझं लक्ष होतं?"

"लक्ष ठेवणं हाच माझा धंदा आहे."

ताईनं डाळीचं भांडं खाली ठेवलं. "हे बघ. आम्ही खोटी शपथ घेतली तर आम्हाला ती लागते. पिढ्यान् पिढ्या भोगावं लागतं. तुला देवच नाही, मग तुला शपथ लागणार कशी? ज्याच्याकडे घड्याळच नाही त्याला उशीर होत नाही."

हा मुद्दा दाजींना इतका पटला की त्यांनी पुन्हा भात घेतला.

मामी देव मानणारी होती, पण नवऱ्याचीही होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही ह्यांना नरकात पाठवत होता वन्सं. आता वकील देऊन पाठवताय, एवढाच फरक."

"तू मध्ये बोलू नकोस गं."

"बरं. मीठ द्या मग."

ताई भावाकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "आई गेली तेव्हा तुला कुणी वाढवलं?"

"तू."

"मी कधी काही मागितलं?"

"नाही."

"मग?"

मामानं ताटातला भात कडेला केला. मग म्हणाला, "येईन मी."

येईन म्हणजे काय म्हणेन, हे तो बोलला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही. घरात "येईन" म्हटलं की बाकीचं धरून चालायची पद्धत होती. ताईनं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी एक चमचा वाढला.

निघताना भाचा फाटकापर्यंत आला. जेवताना तो स्वयंपाकघरातच बसून होता. अलीकडे सगळ्यांत बसायचा नाही.

"मामा. त्या वेळी माझा फोन..."

"माहितेय."

"तू सांगणार?"

"मलाच माहीत नाही," मामा म्हणाला. ते खरं होतं. भाच्याला गियर कसा टाकायचा ते त्यानं शिकवलं होतं, सायकल शिकवली होती, त्याआधी चालायलाही थोडंफार त्यानंच. त्या पोराला आपण आपल्या तोंडानं तुरुंगात पाठवायचं, की एका मेलेल्या बाईवर धावण्याचा आळ घालायचा, यातलं एक करायचं होतं. तिसरं काही असतं तर त्यानं ते आनंदानं केलं असतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलानं मामाला बाजूला घेतलं. वकील गोरागोमटा होता आणि सतत कुठंतरी दुसरीकडे जायचं असल्यासारखा उभा राहायचा.

"एकच सांगतो. शपथेच्या वेळी वाद घालू नका. देवाचं नाव घ्या आणि मोकळे व्हा. न्यायाधीशबाई भाविक आहेत. नास्तिक म्हटलं की कपाळाला आठी पडते."

"पण मी मानत नाही."

"अहो, मी तरी कुठं सगळं मानतो? ती पावतीवरची सही समजा. कुणी वाचत नाही."

म्हणजे हिशेब असा होता: घरच्यांना मामा हवा होता तो देव न मानणारा, कारण खोटं त्याच्या अंगाला चिकटणार नव्हतं. वकिलाला हवा होता देव मानणारा, कारण तो दिसायला बरा दिसला असता. मामानं एका वाक्यापुरतं आस्तिक व्हायचं आणि पुढच्या वाक्यापासून पुन्हा नास्तिक. अशी सवलत धर्मात कुठं नव्हती, पण कोर्टात सगळ्याचीच सोय असते.

कोर्टाची खोली उंच होती. खिडक्यांच्या वरच्या काचांना जुने कागद चिकटवलेले होते, त्यामुळे उजेड पिवळा पडून आत येत होता. एका बाजूच्या बाकावर ताई, दाजी आणि मामी बसली होती. ताईचे ओठ हलत होते. पलीकडच्या बाकावर मेलेल्या बाईचा नवरा होता. तो घरं रंगवायचा. अंगावर धुतलेला सदरा होता, पण बुटांवर पांढरे ठिपके होते. ते कुणाच्या लक्षात येऊ नयेत म्हणून त्यानं पाय बाकाखाली ओढून घेतले होते. भाचा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता.

मामा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. कोर्टाचा कारकून फडक्यात बांधलेला धर्मग्रंथ घेऊन आला. फडकं एका जागी हातांनी झिजून चकचकीत झालं होतं. कारकुनाचा आवाज बसस्थानकावरच्या घोषणेसारखा होता, कोण गाडी पकडतो याची फिकीर नसलेला.

"हात ठेवा. म्हणा, मी देवाला स्मरून..."

"मला देवाविना प्रतिज्ञा घ्यायचीय," मामा म्हणाला.

कारकून थांबला. "मग कुणाची घेणार?"

"कुणाची नाही."

"असं कसं? कुणाची तरी लागते ना."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकिलानं रुमाल काढला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मामाकडे बघितलं. आठी कुठं दिसली नाही. "कायद्यात तशी सोय आहे," त्या म्हणाल्या. "मजकूर आणा."

सोय होती, पण मजकूर सापडेना. कारकुनानं खण उघडले. एकात शिक्के होते, एकात कपबश्या, एकात कुठल्या तरी जुन्या खटल्यातली मोडकी छत्री. शेवटी मजकूर त्याच्याच टेबलाच्या काचेखाली सापडला. त्यावर चहावाल्याचा नंबर लिहिलेला होता. काच उचलायला पट्टेवाल्याला बोलवावं लागलं.

तेवढ्या वेळात न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आक्षेप तत्त्वाचा आहे का?"

"तत्त्वाचं मला जमत नाही बाईसाहेब. पण ज्याला मानत नाही त्याला स्मरून बोलतो म्हटलं, तर तिथंच पहिलं खोटं झालं. ते एकदा जमलं की पुढचंही जमेल. आज मला ते जमू द्यायचं नाहीये."

बाकावर ताईचे ओठ हलायचे थांबले. तिला आता कळलं.

"म्हणा," कारकून म्हणाला. "मी गांभीर्यपूर्वक... दृढ... दृढकथन करतो की मी खरं सांगेन, सगळं खरं सांगेन..." तो शब्द त्याच्या जिभेला सवयीचा नव्हता. मामानं तो सावकाश, पुरा उच्चारला. पुस्तकावर ठेवलेल्या हाताला निदान टेकायला काही असतं. मामाचा हात कुठं ठेवायचा हे त्या मजकुरात नव्हतं. त्यानं तो आधी कठड्यावर ठेवला, मग उचलला, आणि शेवटी अंगाशी लोंबकळत सोडून दिला.

वकील उठला. त्याला अजून आशा होती. "ती बाई ट्रकच्या आडून अचानक धावत आली. बरोबर?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला नीट दिसलं नसेल."

"दिसलं."

"माझा साक्षीदार जरा गोंधळलाय..." वकील म्हणाला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या."

मामा भाच्याकडे बघत नव्हता. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, गाडीच्या काचेतून रस्त्याकडे बघावं तसा.

"ट्रक रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांच्या अलीकडे उभा होता. बाई ट्रकच्या पुढून बाहेर आली. थांबली. आमच्याकडे बघितलं. आम्ही लांब होतो, म्हणून चालायला लागली. धावत नव्हती. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. तो त्याच्या मांडीवर होता. त्यानं खाली बघितलं. मी बाईकडे बघत होतो. मी ब्रेक दाबला."

"एक मिनिट," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "गाडी तुम्ही चालवत होता?"

"नाही. मी शेजारी होतो. माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी बोलत नाही, दाबतो. ही गाडी पडद्यांची होती. तिथं नुसता पत्रा होता. मी तो दाबला. दाबतच राहिलो. वेळ होता. 'अरे' म्हटलं असतं तर त्यानं वर बघितलं असतं. पण मी ओरडत नाही. इतकी वर्षं ओरडायचं नाही म्हणून शिकलो. तोंड उघडलंच नाही."



"हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं," वकील हळूच म्हणाला. तो वकील म्हणून बोलत होता की माणूस म्हणून, ते सांगता आलं नसतं.

"सगळं सांगेन असं म्हणालो ना आत्ता," मामा म्हणाला.

सरकारी वकिलानं या साक्षीदारासाठी मजकूर सापडेपर्यंत एक प्रश्न लिहून ठेवला होता. देवाला न मानणाऱ्यावर कोर्टानं विश्वास का ठेवावा, असा काहीतरी तो होता आणि त्याच्यावर त्याची बरीच मेहनत झाली असावी. तो अर्धवट उठला, समोरच्या कागदाकडे बघितलं, कागदाची घडी घातली आणि "काही विचारायचं नाही" म्हणून खाली बसला.

जेवणाची सुट्टी झाली. व्हरांड्यात सगळे मामापासून थोडे थोडे लांब उभे राहिले. तो रंगारी तेवढा जवळ आला. मामाला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर मामा हलला नसता.

"धावत नव्हती ना?" रंगाऱ्यानं विचारलं.

"नाही. चालत होती."

"यांच्या वकिलानं सगळ्यांपुढं म्हटलं, धावत आली. मी घरी विचार करत बसायचो, कशाला धावली असेल? उशीर झाला होता का? मी सकाळी काही बोललो होतो का?" त्यानं मान हलवली. "तिला घाईच नसायची कधी. लग्नालाही उशिरा आली होती."

तो आणखी काही बोलेल म्हणून मामा थांबला. रंगारी नळावर जाऊन पाणी प्यायला आणि आत जाऊन बसला.

मग ताई आली. मामीनं तिला अडवायला हात पुढं केला, पण ती थांबली नाही.

"तू मेला असतास तरी मला एवढं झालं नसतं."

"हं."

"मी बोलले असते खोटं. मग देवाकडे माफी मागितली असती. रडले असते त्याच्यापुढे. त्यानं दिली असती, त्याला आईचं कळतं. तू कुणाकडे मागणार आता? मला सांग ना. कुणाकडे?"

"तेच तर," मामा म्हणाला. "कुणीच नाही मला, ताई."

ताईनं पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीकडे वळली.

वकील तोवर भाच्याला कोपऱ्यात घेऊन समजावत होता. दुपारी आरोपीची स्वतःची साक्ष होती. अजून सगळं हातातून गेलं नव्हतं. मामाचं वय झालंय, नजर अधू आहे, अपघातापासून डोकं ठिकाणावर नाही, झाल्याचं सगळं स्वतःवर ओढून घेण्याची सवय आहे. एवढं म्हटलं तरी पुरे. भाचा मान हलवत होता. हो की नाही, ते लांबून कळत नव्हतं.

दुपारी खोलीत ऊन तिरपं आलं होतं. मामा मागे येऊन ताईच्या बाकाच्या टोकाला बसला. ताईनं दोघांच्या मध्ये आपली पिशवी ठेवली.

भाचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. सकाळच्या अनुभवानं शहाणा झालेला कारकून या वेळी दोन्ही घेऊन उभा होता: एका हातात ग्रंथ, दुसऱ्या हातात काचेखालून काढलेला तो मजकूर. दुकानदारानं गिऱ्हाइकाला दाखवावं तसं त्यानं ते पुढे धरलं. "कोणती?"

भाच्यानं मागे बघितलं. आईकडे, मग मामाकडे. मग त्यानं ग्रंथावर हात ठेवला. लहानपणापासून तो प्रार्थनेला आईच्या शेजारी बसत आला होता, आणि मामाच्या नादी लागून त्यानं एकही प्रार्थना बुडवली नव्हती. ताईचा जीव भांड्यात पडला. वकिलानंही खुर्चीला पाठ टेकली.

"मी देवाला स्मरून खरं सांगेन," भाचा म्हणाला. कारकुनाच्या पाठोपाठ नव्हे, त्याच्या आधीच.

वकिलानं विचारलं, "तुमच्या मामांनी सकाळी जे सांगितलं, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? त्यांची प्रकृती..."

"मामाची प्रकृती चांगली आहे," भाचा म्हणाला. "त्यानं सांगितलं ते सगळं खरं आहे. एक सोडून."

"कोणतं?" वकिलानं उत्साहानं विचारलं.

"तो ओरडला असता तर मी वर बघितलं असतं, असं तो म्हणाला. तसं नाही. मी हातानं फोन उचलून वाचत होतो. तो ओरडला असता तर मी 'थांब जरा' म्हणालो असतो. नेहमी म्हणायचो. त्याच्यावर ते घालू नका. बाई चालत होती. चूक माझी एकट्याची आहे."

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं. "याचा परिणाम काय होईल, तुम्हाला कल्पना आहे?"

"हो."

"कुणी सांगितलं तुम्हाला असं बोलायला?"

"कुणी नाही. रोज रात्री देवापुढं हेच बोलतो. इथं पहिल्यांदा मोठ्यानं बोललो."

पलीकडच्या बाकावर रंगाऱ्यानं डोकं खाली घातलं होतं.  वकील कागद गोळा करू लागला. निकाल काय लागणार, हे आता खोलीतल्या पट्टेवाल्यालाही ठाऊक होतं.

ताई हाताची घडी घालून ताठ बसली होती. तिचे ओठ सवयीनं एकदा हलले आणि थांबले. पुन्हा हलले, पुन्हा थांबले. पोरगं सुटू दे, एवढंच ती इतके दिवस मागत आली होती. आता त्याच पोरानं, त्याच देवाच्या पुस्तकावर हात ठेवून, ते मागणं परत केलं होतं. मान न वळवता, पिशवीच्या वरून, भावाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तिनं विचारलं,

"आता मी काय मागू रे?"

मामाला या बाबतीतला काहीच अनुभव नव्हता. त्यानं भाच्याकडे बघितलं. भाचा अजून पिंजऱ्यात उभा होता. कुणी खाली उतर म्हणून सांगितलं नव्हतं.

"झोप माग त्याच्यासाठी," मामा म्हणाला. "आज रात्री झोप लागू दे म्हणावं."

ताईनं डोळे मिटले.